मशेरी आणि शिकणाऱ्या मुली

तंबाखूवर व्याख्यान म्हटले की ऐकणाऱ्यास वाटते, आता पानटपरीवरच्या पुरुषमंडळींचा समाचार घेतला जाणार. आज आम्ही त्या टपरीकडे वळणार नाही. एक तंबाखू अशी आहे की जी चारचौघांत खाल्ली जात नाही, जिचा धूर निघत नाही आणि जिला खाणारीसुद्धा तंबाखू म्हणत नाही. ती म्हणजे मशेरी. कोणी तिला मिश्री म्हणते, कोणी मिसरी. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या झरीत काय आणि दुसऱ्या कोणत्याही गावात काय, पहाटे चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हाती ही डबी दिसणे कोणास नवलाचे वाटत नाही. प्रश्न असा आहे की ही डबी आता दप्तर घेऊन शाळेस जाणाऱ्या मुलीच्या हाती का जावी, आणि गेली तर आपण काय करावे.

कामगारांत आणि शेतमजुरांत काम करताना आमचे शिक्षण शाळेपेक्षा सभांत आणि वाचनालयांत अधिक झाले. त्यामुळे वैद्यकाचे पांडित्य आम्ही येथे सांगणार नाही. जे समजून घेतले ते आपणांपुढे सरळ मांडावे, एवढाच हेतू आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. दुकानातून सुटी तंबाखू आणावयाची, लोखंडी तव्यावर काळी पडेपर्यंत भाजावयाची, मग हाताने चुरून किंवा कुटून तिची पूड करावयाची आणि डबीत भरून ठेवावयाची. सकाळी उठल्यावर बोटाने ही पूड दातांवर व हिरड्यांवर घासतात आणि काही वेळ तशीच तोंडात धरतात. जुन्या काळी दात घासण्यास राखुंडी होती, कोळसा होता, बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी होती. मशेरी त्यांच्याच पंगतीत येऊन बसली आणि दंतमंजन म्हणून घरोघर मान्य झाली. परंतु राखुंडी दिवसातून एकदा लावतात. मशेरी सकाळी लागते, जेवणानंतर लागते, दुपारी रानात लागते आणि झोपताना पुन्हा लागते. जे मंजन दिवसातून चार-पाच वेळा लावावेसे वाटते, ते मंजन नव्हे, व्यसन होय.

काही मंडळी म्हणतात, ही आमची पूर्वापार चाल आहे. पूर्वापार म्हणजे कधीची? तंबाखूचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते आपल्या किनाऱ्यावर आले आणि दक्षिणेत पसरले. अकबर बादशहाच्या दरबारी तंबाखू पोहोचली ती विजापूरहून, १६०४-०५ च्या सुमारास. असद बेग नावाच्या सरदाराने ती नेली, आणि एका हकिमाने तेव्हाच हरकत घेतली की ही अनोळखी वस्तू बादशहांनी घेऊ नये. पुढे १६१७ साली जहांगीराने तिच्यावर बंदी घातली, ती कोणी पाळली नाही. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी महाराष्ट्रातील एकाही बाईने मशेरी लावली नव्हती. चारशे वर्षांची पाहुणी आज घरची मालकीण म्हणून मिरवते, एवढाच तिच्या परंपरेचा अर्थ आहे.

आता ती शरीरात काय करते? तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. ते तोंडाच्या आतल्या मऊ त्वचेतून रक्तात शिरते आणि थोड्याच वेळात मेंदूपर्यंत जाते. घटकाभर तरतरी येते, भूक मरते, आतड्यांना चालना मिळते. चुना मिसळला तर निकोटिन आणखी लवकर शोषले जाते. काही तासांत रक्तातले निकोटिन उतरते आणि मेंदू ते पुन्हा मागू लागतो. डोके जड होते, चिडचिड होते, कामात मन लागत नाही. बाई मशेरी लावते, डोके हलके होते, आणि ती शेजारणीस सांगते, "मशेरीनं माझं डोकं थांबतं." खरी गोष्ट अशी की ते डोके मशेरीनेच धरलेले असते. सावकार जसा आपल्याच व्याजासाठी नवे कर्ज देतो आणि वर उपकार केल्याचे सांगतो, तसा हा व्यवहार आहे. मुद्दल कधीच फिटत नाही.

दुसरा परिणाम हळू होतो, म्हणून दिसत नाही. तंबाखूत नायट्रोसामिन नावाची कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये असतात. मशेरीसाठी ती भाजली म्हणजे काजळीतली आणखी काही विषारी द्रव्ये तिच्यात मिसळतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने धूर न काढता वापरली जाणारी तंबाखू माणसात कर्करोग उत्पन्न करते, असा स्पष्ट निर्वाळा २००४ साली दिला. २०२० साली भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रोगी झाले, असा अंदाज आहे. साऱ्या जगातील अशा रोग्यांच्या एक तृतीयांशाहून हे अधिक आहेत. हिरड्या खाली सरकणे, दात हलणे, गालाच्या आत पांढरा चट्टा उठणे, तोंड पूर्ण न उघडणे किंवा न भरणारी जखम राहणे, ह्या खुणा दिसल्या तर घरगुती उपाय करीत बसू नये, डॉक्टरांस तोंड दाखवावे.

तिसरा परिणाम पुढच्या पिढीवर होतो, आणि शिकणाऱ्या मुलींच्या बाबतीत तो विशेष ध्यानात घ्यावा. मुंबईत बाराशेंहून अधिक गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, तंबाखू किंवा मशेरी वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन इतरांच्या बाळांपेक्षा सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले. दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. अडीच किलोच्या बाळाला शंभर ग्रॅमचे मोल काय असते, ते दाई जाणते. आज चौदा वर्षांच्या मुलीच्या बोटाला लागलेली पूड दहा वर्षांनी तिच्या लेकराच्या वजनातून वजा होते.

मुलीला ही सवय लागते कशी? वाईट संगतीने लागते, हे उत्तर सोपे असले तरी खरे नाही. मशेरी मुलीला घरातच मिळते, आणि बहुधा मायेच्या हातून मिळते. दाढ दुखते म्हणून आजी चिमूटभर लावून देते. तंबाखूने घटकाभर बधिरपणा येतो आणि दुखणे राहिले असे वाटते; कीड मात्र आत तशीच असते. आई म्हणते, तव्यावरची तंबाखू जरा हलव. मुलगी हलवते, कुटते, डबी भरते. जी वस्तू आपण स्वतःच्या हाताने करतो, तिची भीती राहत नाही. मग परीक्षेच्या दिवसांत जागरणासाठी, किंवा सकाळी पोट साफ व्हावे म्हणून, ती स्वतःच डबी उघडते.

ह्या शेवटच्या कारणाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. अनेक बाया सांगतात की मशेरी लावल्यावाचून परसाकडे होत नाही. ज्या घरी संडास नाही, किंवा बांधला पण पाणी नाही, तेथील बाईला उजाडण्यापूर्वी उरकून यावे लागते. पोटाने वेळेवर चालावे ही तिची गरज आहे, आणि मशेरी ते काम करून देते. ऊसतोडीला जाणारी मजूरीण पहाटे तीनला उठते, भाकरी न खाता फडावर जाते, आणि भूक मारण्यासाठी मशेरी लावते. म्हणजे ही पूड कित्येक ठिकाणी संडासाची, न्याहारीची आणि दवाखान्याची जागा घेऊन बसली आहे. ह्या तीन गोष्टी दिल्यावाचून नुसते "सोडा" म्हणणे हे उपाशी माणसास उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

आता थोडे आकडे. २०१६-१७ साली देशभर झालेल्या प्रौढांच्या तंबाखू-पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी ३५.५ टक्के व स्त्रियांपैकी १७ टक्के तंबाखू वापरताना आढळल्या. म्हणजे शंभरांत सतरा, आणि त्या जवळजवळ सर्व धुराविना तंबाखू घेणाऱ्या. त्याच पाहणीत साऱ्या देशातील स्त्रियांचे प्रमाण १४.२ टक्के होते. ज्या महाराष्ट्रात १८४८ साली मुलींची शाळा निघाली, तो महाराष्ट्र ह्या बाबतीत देशाच्या सरासरीहून मागे आहे.

दुसरी पाहणी शाळकरी मुलांची, २०१९ सालची. १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांत देशभर ९.६ टक्के मुलगे आणि ७.४ टक्के मुली कोणती ना कोणती तंबाखू वापरताना आढळल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. देशातील मोठ्या माणसांत पुरुष ४२ टक्के आणि स्त्रिया १४ टक्के, म्हणजे तिप्पट अंतर. शाळेत मात्र मुलगा आणि मुलगी जवळजवळ बरोबरीने चालली आहेत. ह्याचा एक अर्थ असा की मुलगे पुढे कामधंद्यास लागल्यावर अधिक व्यसनी होतात. परंतु दुसरा अर्थ असाही निघतो की, मुलीला तंबाखूपासून दूर ठेवणारा जो धाक समाजात होता, असे आपण समजतो, तो शाळेच्या वयात फारसा काम करीत नाही. दोन्ही अर्थ चिंतेचे आहेत.

शहरात ह्या प्रश्नाला दुसरे रूप आहे. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयातील एखादी मुलगी सिगारेट ओढताना दिसली की वर्तमानपत्रांत पत्रे येतात, संस्कृती बुडाल्याची ओरड होते. गावातली तिच्याच वयाची मुलगी मशेरी लावते तेव्हा कोणी ओरडत नाही. एकीचे ते बंड ठरते, दुसरीचे ते दात घासणे ठरते. निकोटिनला मात्र हा भेद कळत नाही. आमचा सिगारेटला विरोध आहे तो मुलीने ओढली म्हणून नव्हे. जे फुप्फुस मुलाचे जळते तेच मुलीचे जळते. मुलाला सूट आणि मुलीला शिव्या, ही आरोग्याची भाषा नव्हे.

तरीही सिगारेट म्हणजे स्वातंत्र्य, असे ज्या मुलींना वाटते त्यांनी हे स्वातंत्र्य कोठून आले ते पाहावे. १९२९ साली न्यूयॉर्क शहरात ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुण स्त्रियांनी भररस्त्यात सिगारेटी पेटविल्या, आणि ह्या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत असा गाजावाजा झाला. मागे सूत्रधार होता एडवर्ड बर्नेज नावाचा जाहिरात-तज्ज्ञ, आणि त्याला पैसे देत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. कंपनीचे दुःख एवढेच होते की निम्मी माणसे गिऱ्हाईक होत नव्हती. १९८७ साली, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी, अमेरिकेत स्त्रियांचे बळी घेणाऱ्या कर्करोगांत फुप्फुसाच्या कर्करोगाने स्तनाच्या कर्करोगाला मागे टाकले. मालकाने पुढे केलेला झेंडा कामगाराने तपासल्याशिवाय खांद्यावर घेऊ नये, हा आमच्या चळवळीतला पहिला धडा. तो येथेही लागू पडतो.

कायदा काय म्हणतो? कायदे पुष्कळ आहेत. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर व पेस्टवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १९९७ साली कायम केली. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा ठरविले. २०१२ साली महाराष्ट्राने गुटखा बंद केला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आता ह्या कायद्यांतून मशेरी कशी निसटते ते पाहा. कारखान्यात झालेले तंबाखूचे मंजन बंद झाले, पण तवा आपला, चूल आपली, मंजन घरचे. त्याला बंदी कशी घालणार? पाकिटावर मोठे चित्र छापून धोक्याची सूचना देणे सक्तीचे झाले, पण सुट्या तंबाखूच्या पुडीवर चित्र कोठे असते? शंभर यार्डांच्या आत विक्री केली तर दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत, आणि घर तर दुकानच नव्हे. राहता राहिली सात वर्षांची शिक्षा. ती शब्दशः लावावयाची तर दाढदुखीवर नातीला मशेरी लावणाऱ्या आजीला तुरुंगात धाडावे लागेल. असे कोणी करणार नाही आणि करूही नये. कायदा दुकानदाराला व कंपनीला आवरण्यासाठी हवा आहेच. परंतु चुलीपाशी कायदा पोहोचत नाही, तेथे माणसानेच जावे लागते.

येथे आम्हांला हमखास एक प्रश्न विचारला जातो. तुम्ही कामगारांचे कार्यकर्ते. सोलापूर, सिन्नर, निपाणी येथील हजारो बायांचे पोट विडीवर आणि तंबाखूवर आहे. तुम्ही तंबाखूविरुद्ध कसे बोलता? प्रश्न रास्त आहे. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असते, सुपात पाने आणि जर्दा असतो, आणि शेजारी शाळेतून आलेली मुलगी हजाराचा हिशेब पुरा करण्यास बसते. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला बंदी केली, पण त्याच कायद्याच्या व्याख्येने राहते घर कारखान्यातून वगळले. तेव्हा तंबाखूची धूळ मुलीच्या नाकातोंडात जाते ती आईच्या मजुरीतली तूट भरून काढण्यासाठी. १९७६ च्या कल्याण निधीतून विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, तेव्हा कित्येक मुली ह्या सुपापासून उठून पुढे गेल्या. त्या निधीसाठी विडीवर बसविलेला उपकर २०१७ साली, वस्तू व सेवा कर आला तेव्हा, रद्द झाला. आमचे म्हणणे असे की, बाईची भाकर आणि मुलीचे फुप्फुस ह्यांत निवड करावयास लावणे हाच मुळात अन्याय आहे. विडी वळणाऱ्या बाईला दुसरे काम, पुरी मजुरी आणि मुलीला शिष्यवृत्ती मिळाली, तर विडीचा धंदा बुडाल्याचे दुःख तिला होणार नाही. ती भाकर मागते, तंबाखू मागत नाही.

मग गावाने काय करावे? सर्वांत आधी, काय करू नये ते सांगतो. शाळेत एखाद्या मुलीजवळ डबी सापडली तर तिची वरात काढू नये. कारण पुढे काय होते ते ठरलेले आहे. बोभाटा होतो, बाप म्हणतो शाळेत जाऊन बिघडली, शाळा बंद होते, आणि वर्षा-दोन वर्षांत लग्न. डबी मात्र तशीच तिच्याबरोबर सासरी जाते. व्यसनाची शिक्षा म्हणून शिक्षण काढून घ्यावयाचे, आणि शिक्षण हेच तर व्यसनाविरुद्धचे मुख्य साधन! कमी शिकलेल्यांत तंबाखूचे प्रमाण अधिक, हे पाहण्यांतून पुनःपुन्हा दिसून आले आहे. जी मुलगी बारावीपर्यंत, त्यापुढे परभणीच्या महाविद्यालयापर्यंत जाईल, तिची डबी सुटण्याची आशा आहे. जिची शाळा सुटली, तिची डबी सुटणे कठीण.

आता करावयाच्या गोष्टी. शाळेच्या भिंतीवर "तंबाखूमुक्त शाळा" असा फलक असतो. त्याखाली मशेरीचे नाव स्पष्ट लिहावे, कारण मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे अशी समजूत घेऊन मुली तो फलक वाचतात. गुरुजींनी स्वतः वर्गात येण्यापूर्वी तोंड धुऊन यावे. गालात बार धरून दिलेला उपदेश कोणी ऐकत नाही. महिला बचत गटाच्या बैठकीत हा विषय एकदा काढावा आणि साधा हिशेब मांडावा: समजा रोज पाच रुपयांची तंबाखू लागली, तर वर्षाचे १,८२५ रुपये झाले. त्यात मुलीच्या वह्या, पुस्तके आणि घरातल्या सर्वांचे दात घासण्याचे ब्रश येऊन वर पैसे उरतील. दाढ दुखली तर मुलीला दातांच्या डॉक्टरकडे न्यावे. ग्रामपंचायतीने मुलींच्या शाळेत आणि वस्तीत संडासाला पाणी द्यावे. आमच्या मते मशेरीवरचा तो एक मोठा उपाय आहे.

आणि ज्यांना सवय लागली आहे, त्यांनी ती सुटते हे ध्यानात ठेवावे. पहिले काही दिवस कठीण जातात. डोके धरते, पोट अडते, राग येतो. पाणी अधिक प्यावे, भाकरीबरोबर भाजी-पाला खावा, तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवावी. तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हातांना काम द्यावे. केंद्र सरकारने २०१६ साली तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा दूरध्वनी सुरू केला. त्यास पैसे पडत नाहीत. एकटीने सोडण्यापेक्षा आई व मुलगी दोघींनी एकाच दिवशी सोडली तर अधिक सोपे जाते. घरात तवाच चढला नाही, तर वासाने होणारी आठवणही टळते.

संपाच्या वेळी आम्ही कामगारांना सांगत असतो, की आपला खिसा कोणत्या वाटेने रिकामा होतो ते प्रथम शोधा. ह्या गावातल्या मायबहिणींना आमचे तेच सांगणे आहे. मुलगी शाळेत गेली म्हणजे आपले काम संपले असे समजू नका. तिच्या दप्तरात काय आहे ते पाहा, परंतु पोलिसाच्या नजरेने पाहू नका. आणि त्याआधी आपल्या कमरेची डबी काढून तिच्यासमोर ठेवा. त्या डबीविषयी दोघींनी मोकळेपणाने बोलावे. त्या एका बोलण्याने जे साधेल, ते आमच्या दहा व्याख्यानांनी साधणार नाही.